डिझेल बचतीचे जुगाड : दावे, वस्तुस्थिती आणि ट्रॅक्टरमधील खरी बचत

उन्हाळी नांगरट आणि खरीपपूर्व मशागत सुरू झाली, की ट्रॅक्टरमालकाच्या खर्चात सर्वांत मोठा आकडा डिझेलचा असतो. दर लिटरला ९० रुपयांच्या आसपास गेल्यापासून भाड्याने मशागत करून देणाऱ्याचा नफा एकरी लिटर-दोन लिटरवर येऊन ठेपला आहे. याच दिवसांत प्रदर्शनातील एखाद्या टेबलावर, मोबाईलवरील व्हिडिओत किंवा गावातल्या गॅरेजमध्ये डिझेल वाचवण्याचे उपाय सांगितले जातात. पाण्यापासून गॅस तयार करणारे किट, डिझेलच्या नळीवर बसवायचे चुंबक, टाकीत टाकायच्या गोळ्या, रॉकेलचे मिश्रण, पंपाचे ‘खास सेटिंग’. दावा बहुतेक वेळा २० ते ३० टक्के बचतीचा असतो. यातील काही उपाय नुसते पोकळ आहेत, त्यात पैसे जातात एवढेच. काही मात्र इंजिन खराब करणारे आहेत आणि एक-दोन जीवावर बेतणारे आहेत. म्हणून सर्वांना एकाच मापाने न मोजता त्यामागचे कारण समजून घेतले पाहिजे.

अर्धे डिझेल न जळता बाहेर जाते का?

जवळपास प्रत्येक विक्रेत्याच्या बोलण्याची सुरुवात एकाच वाक्याने होते. ‘तुमच्या इंजिनात अर्धे डिझेल जळतच नाही, ते धुरातून बाहेर जाते. आमचे यंत्र ते पूर्ण जाळते.’ हे वाक्य ऐकायला पटते, कारण नांगर ओढताना सायलेन्सरमधून निघणारा काळा धूर आपण डोळ्यांनी पाहतो.

वस्तुस्थिती वेगळी आहे. ठीकठाक स्थितीतील डिझेल इंजिनात ९८ टक्क्यांहून अधिक इंधन जळते. काळा धूर म्हणजे कार्बनची बारीक काजळी. ती दिसते भरपूर, पण वजनात फारच थोडी असते. तेव्हा एखाद्या यंत्राने उरलेसुरले सर्व इंधन जाळून दाखवले, तरी बचत एक-दोन टक्क्यांपुढे जाऊ शकत नाही. ३० टक्के येणार कुठून?

मग डिझेलची ताकद जाते कुठे? १ लिटर डिझेलमध्ये ढोबळमानाने विजेच्या १० युनिटइतकी ऊर्जा असते. चांगल्या भारावर चालणारे ट्रॅक्टरचे इंजिन त्यातून ३ ते साडेतीन युनिट काम देते. बाकीची ऊर्जा उष्णता म्हणून सायलेन्सर आणि रेडिएटरमधून निघून जाते. ही उष्णता डिझेल पूर्ण जळल्यामुळेच तयार झालेली असते. चुंबकाने किंवा गोळीने ती परत मिळत नाही. आणि जे तीन युनिट काम हाती येते, त्याचाही मोठा भाग चाके जागेवर घसरण्यात, चुकीच्या गिअरमध्ये आणि चुकीच्या ओलाव्यावर मशागत करण्यात जातो. खरी बचत इथे आहे. त्याकडे नंतर येऊ.

पाण्यावर चालणारे किट

हायड्रोजन किट, एचएचओ किट अशा नावांनी हे विकले जाते. बाटलीत पाणी आणि कॉस्टिकसारखा क्षार असतो, त्यातून बॅटरीचा विद्युतप्रवाह सोडतात. पाण्याचे विघटन होऊन हायड्रोजन आणि ऑक्सिजन तयार होतो आणि तो एअर क्लीनरच्या नळीत सोडतात. बाटलीत बुडबुडे येतात, गॅसला काडी लावली तर फट्कन आवाज होतो. पाहणाऱ्याला वाटते, यात दम आहे. गॅस खराच तयार होतो, यात फसवणूक नाही. प्रश्न हिशेबाचा आहे.

समजा, किट १२ व्होल्टवर १५ अँपिअर प्रवाह घेते. म्हणजे १८० वॅट. ही वीज अल्टरनेटर तयार करतो आणि अल्टरनेटरला इंजिन फिरवते. अल्टरनेटरची कार्यक्षमता ५५ टक्के धरली, तर इंजिनाला त्यासाठी सुमारे ३३० वॅट द्यावे लागतात. इंजिन स्वतः डिझेलच्या ऊर्जेपैकी ३० टक्केच कामात आणते, म्हणजे ३३० वॅटसाठी सुमारे ११०० वॅटचे डिझेल जळते. तासाला हे साधारण ११० मिलिलिटर झाले. बदल्यात मिळणाऱ्या हायड्रोजनमध्ये ऊर्जा किती? किट उत्तम दर्जाचे असले तरी ११०-११५ वॅट, म्हणजे तासाला सुमारे ११ मिलिलिटर डिझेलइतकी. दहा रुपये खर्च करून एक रुपया परत मिळवण्याचा हा व्यवहार आहे.

विक्रेता म्हणेल, हायड्रोजन स्वतः ऊर्जा देण्यासाठी नसून डिझेलचे ज्वलन सुधारण्यासाठी आहे. पण ज्वलनात सुधारायला किती जागा आहे, ते वर पाहिलेच. शिवाय तासाला ४ लिटर डिझेल पिणाऱ्या इंजिनात हायड्रोजनचा वाटा पाव टक्क्याच्या आसपास येतो. त्यात धोका आहे तो वेगळाच. हायड्रोजन आणि ऑक्सिजनचे हे मिश्रण स्फोटक असते आणि ती बाटली बॉनेटखाली, तापलेल्या इंजिनाशेजारी बसवलेली असते. बाटली फुटली तर कॉस्टिकचे पाणी डोळ्यांत जाण्याची भीती वेगळी.

चुंबक आणि गोळ्या

चुंबकाबद्दल फार लिहिण्यासारखे नाही. डिझेलच्या रेणूंवर चुंबकाचा मोजण्याजोगा परिणाम होत नाही. नळीवर चुंबक बांधल्याने ‘रेणूंचे पुंजके सुटे होतात’ हा दावा रसायनशास्त्रात बसत नाही. इंजिनाचे नुकसान नाही, फक्त पैसे गेले.

मोटारसायकलच्या टाकीत डांबरगोळ्या टाकण्याची पद्धत बरीच जुनी आहे. दहा लिटर पेट्रोलमध्ये चार-पाच ग्रॅम गोळी म्हणजे सुमारे अर्धा दशांश टक्का. त्याने अ‍ॅव्हरेज बदलत नाही. गोळी नीट विरघळली नाही तर गाळ मात्र जाळीत अडकतो. व्हिडिओत सांगितले जाणारे अ‍ॅसिटोन त्याहून वाईट. ते रबरी सील आणि नळ्या फुगवते, आणि त्याची वाफ शून्याखालच्या तापमानालाही पेट घेते. डिझेल ज्या कारणाने हाताळायला पेट्रोलपेक्षा सुरक्षित आहे, ते कारणच अ‍ॅसिटोन टाकल्याने नाहीसे होते.

अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने गेल्या काही दशकांत अशी शंभराहून अधिक उपकरणे आणि मिश्रणे तपासली आहेत. ती बहुतेक पेट्रोल गाड्यांसाठीची होती. फार थोड्यांत किरकोळ फायदा दिसला आणि त्यांतीलही काहींमुळे गाडीचा धूर प्रदूषणाच्या मर्यादेबाहेर गेला.

रॉकेल, जुने ऑइल आणि करंज तेल

हा विषय जास्त गंभीर आहे, कारण इथे इंजिन चालते. महिना, दोन महिने काहीच जाणवत नाही आणि नंतर पंपाचा खर्च येतो.

डिझेल नुसते जळत नाही, ते फ्यूएल पंप आणि नोझलमधील बारीक भागांना वंगणही देते. या भागांमधील अंतर केसाच्या जाडीच्या कितीतरी पट कमी असते. रॉकेल पातळ आणि वंगणाला कमजोर. मिश्रण वाढले की प्लंजर झिजतात, दाब कमी होतो, नोझल नीट फवारत नाही आणि शेवटी डिझेल जास्तच लागते. पूर्वी डिझेलमधील गंधकयुक्त घटकांसोबत नैसर्गिक वंगणक्षमता टिकून असे. एप्रिल २०२० पासून देशभर मिळणाऱ्या बीएस-६ डिझेलमध्ये गंधक जास्तीत जास्त १० भाग प्रति दशलक्ष असते. ते काढताना वंगणक्षमताही घटते, ती भरून काढण्यासाठी डिझेलमध्ये खास घटक मिसळतात. आपण रॉकेल ओतून तोच घटक पातळ करतो. ‘आमच्या वडिलांच्या ट्रॅक्टरला काही झाले नाही’ हा अनुभव खरा असू शकतो, पण ते डिझेल वेगळे होते आणि तो पंपही वेगळा होता. त्यातच रॉकेलमध्ये लिटरमागे ऊर्जा डिझेलपेक्षा थोडी कमीच असते.

इंजिनातून काढलेले काळे ऑइल गाळून टाकीत ओतणारेही आहेत. फडक्याने गाळले तरी त्यातील धातूचा बारीक कीस आणि राख जात नाही. फिल्टर तुंबतो, नोझलवर थर बसतो. १ जानेवारी २०२३ पासून ५० अश्वशक्तीच्या वरील नवीन ट्रॅक्टरना ट्रेम-४ प्रदूषण निकष लागू झाले. त्यामुळे या गटात कॉमन रेल इंजिने आली. त्यांत डिझेलचा दाब हजार बारच्या वर असतो आणि धुराच्या नळीत शुद्धीकरणाची यंत्रणा असते. अशा इंजिनात काळे ऑइल किंवा कोणतेही घरगुती मिश्रण टाकणे म्हणजे वॉरंटी आपल्या हाताने फाडण्यासारखे आहे.

करंज, मोगली एरंड यांच्या तेलाबद्दल विस्तार कार्यकर्त्यांना हमखास विचारले जाते. डिझेल इंजिन वनस्पती तेलावर चालते, यात खोटे काही नाही. १९०० मध्ये पॅरिसच्या प्रदर्शनात एक इंजिन शेंगदाणा तेलावर चालवून दाखवले होते. पण घाण्यावरचे कच्चे तेल डिझेलपेक्षा दहा पट घट्ट असते. फवारा नीट होत नाही, नोझल आणि रिंगवर डिंकासारखा थर बसतो, क्रँककेसमध्ये उतरून इंजिन ऑइल घट्ट होते. रासायनिक प्रक्रिया करून त्याचे बायोडिझेल बनवले, की घट्टपणा बराच कमी होतो. बायोडिझेल आणि कच्चे तेल या दोन वेगळ्या वस्तू आहेत, हे शेतकऱ्याला स्पष्ट सांगावे.

पंप सेटिंग, थर्मोस्टॅट आणि एअर क्लीनर

फ्यूएल पंपाचे सील तोडून ‘डिझेल कमी’ करून देणारे मिस्त्री प्रत्येक तालुक्यात आहेत. डिझेल कमी केले की ताकदही कमी होते. तोच नांगर ओढायला एक गिअर खाली उतरावे लागते, एकराला वेळ जास्त लागतो. तासाचे डिझेल कमी दिसते, एकरी डिझेल तेवढेच राहते किंवा वाढते. तासावर हिशेब करणाऱ्याला हा फरक कळत नाही. पंपाची कुरबुर असेल तर कॅलिब्रेशनचे टेस्ट बेंच असलेल्या ठिकाणीच तो तपासून घ्यावा.

इंजिन तापते म्हणून थर्मोस्टॅट काढून फेकण्याची सवय आपल्याकडे फार आहे. थर्मोस्टॅट इंजिनाला कामाच्या तापमानाला लवकर आणतो. तो काढल्यावर इंजिन थंड राहते, ज्वलन बिघडते, लायनर झिजतो आणि डिझेल जास्त लागते. इंजिन तापत असेल तर आधी रेडिएटरच्या जाळीतील भुसा आणि धूळ काढा, फॅन बेल्टचा ताण पाहा.

‘हवा मोकळी मिळावी’ म्हणून एअर क्लीनर काढून मशागत करणे तर अजिबात नको. रोटाव्हेटरमागे उडणारी माती थेट सिलिंडरमध्ये गेली, तर काही दिवसांत रिंग आणि लायनर जातात. ऑइल बाथ प्रकारचा क्लीनर असेल तर धुळीच्या दिवसांत वाटीतील ऑइल रोज पाहावे. त्यात मातीचा गाळ साचला की ते बदलावे. ऑइल खुणेच्या वर भरू नये.

उतारावर न्यूट्रल

ऊस हंगामात दोन ट्रॉल्या जोडून कारखान्याकडे निघालेले ट्रॅक्टर उतारावर न्यूट्रल करून सोडले जातात. काही चालक इंजिनही बंद करतात. कारण एकच सांगितले जाते, डिझेल वाचते.

गिअरमध्ये असताना रेसवरचा पाय काढला, की उतारावर चाकेच इंजिन फिरवतात. इंजिनाचा वेग आयडलपेक्षा जास्त राहतो आणि गव्हर्नर डिझेलचा पुरवठा जवळपास बंद करतो. न्यूट्रलमध्ये मात्र इंजिन चालू ठेवण्यासाठी डिझेल लागतच राहते. सौम्य उतारावर न्यूट्रलमध्ये ट्रॅक्टर थोडा लांब घरंगळतो, तेवढाच काय तो फायदा. तो मिलिलिटरमध्ये मोजावा लागेल.

किंमत मात्र मोठी आहे. इंजिनाचा रोध संपतो आणि सर्व भार ब्रेकवर येतो. बहुतेक ट्रॉल्यांना स्वतःचे ब्रेक नसतात. भरलेली ट्रॉली ट्रॅक्टरला मागून ढकलते, वळणावर हिचजवळ घडी पडते आणि ट्रॅक्टर उलटतो. एकदा वेग वाढला की गिअर पुन्हा पडत नाही. इंजिन बंद केले असेल तर पॉवर स्टिअरिंग जड होते. चढ ज्या गिअरमध्ये चढलो, उतारही त्याच गिअरमध्ये उतरावा. रस्त्यावर निघण्यापूर्वी डावे-उजवे ब्रेक पेडल पट्टीने एकत्र जोडलेले आहेत का, ते पाहावे. गावात चालकांची बैठक घेता आली, तर विस्तार कार्यकर्त्यांनी किटपेक्षा या विषयाला जास्त वेळ द्यावा, असे माझे मत आहे.

मग ‘फरक पडला’ असे का वाटते?

किट बसवलेले अनेक शेतकरी मनापासून सांगतात, की डिझेल कमी लागले. ते खोटे बोलत नसतात. किट बसवताना मिस्त्री एअर क्लीनर साफ करतो, डिझेल फिल्टर बदलतो, एखादी ढिली नळी घट्ट करतो. नंतर मालक आठ दिवस स्वतः ट्रॅक्टर चालवतो आणि लक्ष देऊन चालवतो. मधल्या काळात एखादा पाऊस होऊन जमीन वाफशावर आलेली असते. या प्रत्येक गोष्टीने डिझेल कमी होते आणि श्रेय किटला मिळते.

कृषिविद्येत आपण खताची शिफारस करण्यापूर्वी शेजारी नियंत्रित प्लॉट ठेवतो आणि पुनरावृत्ती घेतो. ट्रॅक्टरलाही तेच लावायचे. एकसारख्या जमिनीचे सहा पट्टे आखा. तोच चालक, तेच अवजार, तोच गिअर, तीच खोली. सपाट जागेवर, दरवेळी त्याच ठिकाणी ट्रॅक्टर उभा करून टाकी गळ्यापर्यंत भरा. फेस बसू द्या. पट्टा झाला की मोजपात्राने डिझेल ओतून टाकी पुन्हा त्याच खुणेपर्यंत आणा. पहिला पट्टा उपकरणाशिवाय, दुसरा उपकरणासह, असे आलटून पालटून सहा करा. हिशेब लिटर प्रति एकर ठेवा.

समजा, उपकरणाशिवाय एकरी ५.१, ४.७ आणि ५.४ लिटर लागले आणि उपकरणासह ४.९, ५.२ आणि ४.८. सरासरीत फरक फक्त ०.१ लिटर आहे. उपकरण नसलेल्या तीन पट्ट्यांतच आपसांत ०.७ लिटरचा फरक आहे. म्हणजे उपकरणाने काही केले, असे म्हणता येत नाही. एकाच पट्ट्यावर मोजले असते, तर ५.४ विरुद्ध ४.८ हे आकडे हाती आले असते आणि ११ टक्के बचत ‘सिद्ध’ झाली असती. विक्रेत्याला ही चाचणी पैसे देण्यापूर्वी आपल्या शेतात करू द्या, असे म्हणून पाहावे. तयारी दाखवणारा मला तरी अजून भेटलेला नाही.

बचत नेमकी कुठे आहे?

सर्वांत आधी चाकांची घसर मोजा. मागच्या टायरवर खडूने खूण करा. अवजार उचलून दहा फेऱ्यांत ट्रॅक्टर किती अंतर जातो, ते मोजा. १३.६-२८ टायरला ते साधारण ४० मीटर भरेल. आता नांगर जमिनीत घालून पुन्हा दहा फेऱ्या मोजा. ३२ मीटर भरले तर घसर २० टक्के झाली. नांगरटीत १० ते १५ टक्के घसर योग्य समजतात. २० वरून १२ टक्क्यांवर आणली, तर त्याच फेऱ्यांत दहा टक्के जास्त जमीन होते. डिझेलही जवळपास त्याच प्रमाणात वाचते. यासाठी खर्च काय? मागच्या टायरमध्ये तीन-चतुर्थांश पाणी, गरजेप्रमाणे लोखंडी वजने आणि पुस्तिकेत दिलेला शेतकामाचा हवेचा दाब. घसर ८ टक्क्यांच्या खाली असेल, तर वजन जास्त झाले आहे असे समजून कमी करावे. नाहीतर जमीन दबते. टायरचे खाच गेले असतील तर पाणी भरूनही उपयोग होत नाही. वाहतुकीच्या हंगामात पाणी आणि वजने काढून दाब रस्त्याच्या मापाला आणावा.

दुसरी मोठी बचत गिअरमध्ये आहे. फवारणी, पेरणी, कोळपणी, रिकामी ट्रॉली अशा हलक्या कामात वरचा गिअर आणि कमी रेस ठेवावी. वेग तोच राहतो, इंजिनाचे फेरे कमी होतात आणि अंतर्गत घर्षणात जाणारे डिझेल वाचते. हलक्या भारावर ही बचत १५ ते २० टक्क्यांपर्यंत जाऊ शकते. किटवाल्याचा आकडा इथे फुकट मिळतो. रेस वाढवल्यावर इंजिनाने लगेच उचल घेतली पाहिजे. उचल न घेता काळा धूर आला, तर इंजिन दबले आहे, एक गिअर खाली या. नांगरटीसारख्या जड कामाला ही पद्धत लावू नये. पीटीओवरील हलक्या अवजारासाठी ट्रॅक्टरला इकॉनॉमी पीटीओ असेल तर तो वापरावा, पण ५४० फेऱ्यांची मर्यादा ओलांडू नये.

बांधावर गप्पा मारताना चालू ठेवलेला ४५ अश्वशक्तीचा ट्रॅक्टर तासाला सुमारे एक लिटर पितो. डिझेलच्या नळीतून सेकंदाला एक थेंब दिवसरात्र टपकला, तर दिवसाला सुमारे दोन लिटर जाते. झिजलेली रोटाव्हेटरची पाती आणि बोथट फाळ बदलायला आपण काचकूच करतो आणि त्याच्या कितीतरी पट डिझेल जाळतो.

आणि वाफसा. काळ्या जमिनीत वाळलेल्या ढेकळांवर रोटाव्हेटर दोनदा फिरवण्याऐवजी वाफशावर एकदा फिरवला, तर एका पूर्ण फेरीचे डिझेल वाचते. खोल पल्टी नांगरट दरवर्षी करण्याची गरज बहुतेक शेतांत नसते. हरळी, कुंदा किंवा हुमणीचा उपद्रव असेल, मातीत कठीण थर झाला असेल, तर ती करावी. अन्यथा दोन-तीन वर्षांतून एकदा पुरते. शेत लांबीच्या बाजूने नांगरले की वळणे कमी होतात.

नवीन ट्रॅक्टर घ्यायचा असेल, तर मध्य प्रदेशातील बुदनी येथील केंद्रीय कृषी यंत्र प्रशिक्षण व चाचणी संस्थेचा त्या मॉडेलचा चाचणी अहवाल विक्रेत्याकडे मागावा. त्यात प्रति किलोवॅट-तास किती ग्रॅम डिझेल लागले, हा आकडा असतो. दोन मॉडेलची तुलना अश्वशक्तीच्या स्टिकरवरून न करता त्या आकड्यावरून करावी.